स्टेशनावर घेतलेलं कडं

चांदीचं एक कडं डोळ्यांसमोर आणा. बोटभर रुंद, मनगटात सरकवण्यासाठी मागे फट, मधोमध हिरवट निळा पिरोजा, त्याच्या दोन्ही अंगांना बाण आणि पंख पसरलेला पक्षी. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनातून जाणाऱ्या सांता फे रेल्वेचे प्रवासी शंभर वर्षांपूर्वी अशी कडी आठवण म्हणून घेत.

अशी कडी त्या प्रदेशातले मूळ रहिवासी, नावाहो लोक, घडवत. ते चांदीकाम शिकले एकोणिसाव्या शतकात, मेक्सिकन कारागिरांकडून. स्वतःसाठी घडवलेले त्यांचे दागिने चांगले जडशीळ असत. दागिना म्हणजेच गाठीची पुंजी, अडीनडीला दुकानदाराकडे गहाण ठेवायची. प्रवाशाला मात्र हलकं आणि स्वस्त हवं होतं. 1899 च्या सुमारास या रेल्वेमार्गावर हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीचे हर्मन श्वाइट्झर चांदी आणि आधीच कापून घासलेले खडे दुकानदारांमार्फत नावाहो कारागिरांकडे पाठवू लागले. 1902 मध्ये आल्बुकर्कीच्या स्टेशनाला लागून अल्व्हाराडो हॉटेल उघडलं आणि तिथे हा माल मांडला गेला.

‘पर्यटकांसाठीचा माल’ म्हणून जाणकारांनी तो बरीच वर्षं बाजूला सारला. मला हे पटत नाही. कडं जवळ घेऊन पाहा. नक्षी कोरलेली नाही, ठोकलेली आहे. जुन्या कानशीच्या पोलादातून कारागीर स्वतः ठसा घडवायचा आणि हातोडीचा एकेक घाव घालत चंद्रकोरींची रांग पुढे न्यायचा. एखादी कोर खोल उतरते, एखादी जराशी कलते. कडेला पोचताना जागा अपुरी पडली, तर शेवटच्या दोन कोरी दाटीवाटीने बसतात. तिथे मी नेहमी थांबतो. तो माणूस त्या क्षणी काय अंदाज बांधत होता, ते तिथे दिसतं. पुढे आल्बुकर्कीतल्या कारखान्यांत यंत्रं आली. यंत्राच्या कड्यावर सगळी नक्षी एकाच दाबाने उमटते, सगळीकडे सारखी. दोन कडी शेजारी ठेवलीत की फरक नजरेत भरेल.

बाण म्हणजे अमुक, पक्षी म्हणजे तमुक, असे अर्थांचे छापील तक्ते दुकानदार गिऱ्हाइकांना देत. त्यांवर फार विसंबू नका. ते बरेचसे विक्रीसाठी रचलेले होते.

एक खूण मात्र आपल्याला पाहताक्षणी ओळखू येईल: स्वस्तिकासारखी. नावाहोंच्या कथेत नायक ओंडक्यात बसून नदीतून प्रवास करतो. उपचारविधीत वाळूने काढलेल्या चित्रांत ते फिरते ओंडके या आकारात येतात. युरोपात नाझींनी त्या आकाराचं जे केलं, ते पाहून 1940 च्या फेब्रुवारीत ॲरिझोनात नावाहो, होपी, अपाची आणि टोहोनो ओओधम प्रतिनिधींनी तो आपल्या कामात न वापरण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. जुन्या कड्यावर ही खूण दिसली, तर संग्राहक ते बहुधा त्याआधीचं मानतात. हातात घेताना मला मात्र आधी तो ठसा आठवतो, जो कुणा कारागिराने स्वतः घडवला आणि मग स्वतःच बाजूला ठेवला.