पुढली तबकडी कोणती?

पावसाळा लागला की सांबरा आणि बेळगाव यांच्या दरम्यानच्या गावांतील हवेला ओल चढते. कपाटातील कपड्यांना वास येऊ लागतो, पुस्तकांची पाने फुगतात. या दिवसांत ज्या घरी जुन्या चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेटी सांभाळून ठेवलेल्या असतात, त्या घरच्या माणसाचा जीव थाऱ्यावर नसतो. कॅसेटच्या लहानशा पारदर्शक खिडकीतून तो पुन्हा पुन्हा आत डोकावतो. काळ्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, की ती फीत यंत्रात घालण्याची सोय उरत नाही. घातलीच, तर यंत्र खराब व्हावयाचे आणि नंतर त्यात चालविलेल्या चांगल्या फितींनाही बाधा व्हावयाची. मग तो माणूस स्वतःची समजूत घालतो : आज ना उद्या या चित्रपटाची नवी, स्वच्छ तबकडी निघेलच.

या ‘निघेलच’ शब्दावर जुन्या चित्रपटांच्या संग्राहकांचे सारे जग उभे आहे. जुनी नाणी जमविणाऱ्याला ठाऊक असते, की टांकसाळीतून शिवकालीन होन पुन्हा पडावयाचा नाही. चित्रपट जमविणाऱ्याचे तसे नसते. त्याची आवडती वस्तू जुनी असली, तरी ती नव्या रूपात, पूर्वीपेक्षा स्पष्ट होऊन पुन्हा हाती येऊ शकते. म्हणूनच असे दोन शौकीन एकत्र आले, म्हणजे ‘तुमच्याजवळ काय आहे?’ हा प्रश्न लवकर संपतो. ‘आता काय निघेल?’ हा मात्र चहाचा दुसरा कप आला तरी संपत नाही.

या छंदाचे वय फार नाही. घरी बसून हवा तो चित्रपट हव्या त्या वेळी पाहण्याची सोय सामान्य माणसाला प्रथम व्हिडिओ कॅसेटने दिली. व्हीएचएस पद्धतीची कॅसेट १९७६ साली जपानात निघाली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ गावोगाव व्हिडिओ पोचला. दूरदर्शनसंच, व्हिडिओ आणि तीनचार कॅसेटी एका रात्रीपुरत्या भाड्याने आणावयाच्या आणि सगळ्या गल्लीने उजाडेपर्यंत पाहावयाच्या, अशी ती रीत होती. पुढे व्हीसीडी आली, मग डीव्हीडी आली आणि २००६ साली ब्ल्यूरे तबकडी बाजारात आली. प्रत्येक वेळी संग्राहकाने तोच चित्रपट नव्याने घेतला आणि प्रत्येक वेळी त्याला वाटले, की आता हा कायमचा आपला झाला.

सीमाभागातील माणसाला या छंदाची ओढ लागावी, यात नवल नाही. निपाणीवरून सरळ उत्तरेकडे गेले की कोल्हापूर लागते, आणि कोल्हापूर म्हणजे मराठी चित्रपटाचे माहेर. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी तेथेच काढली. तिच्यातून बाहेर पडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साहाय्याने १९२९ साली प्रभात कंपनी तेथेच स्थापिली. १९३३ साली ती पुण्यास गेली. चित्रपटगृहे नसलेल्या गावांत तंबूतला सिनेमा येत असे. ज्यांनी जमिनीवर बसून ‘संत तुकाराम’ पाहिला, त्यांची नातवंडे आज तोच चित्रपट चांगल्या प्रतीत मिळावा म्हणून धडपडत आहेत.

आता काय निघेल, याचे तर्क बांधताना हे संग्राहक तीन खुणा पाहतात. पहिली खूण जन्मशताब्दीची. २०१९ हे पु. ल. देशपांडे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या तिघांच्याही जन्मशताब्दीचे वर्ष होते. अशा वर्षी कोणा ना कोणा प्रकाशकाला जुन्या चित्रपटांची आठवण होईल, असा हिशेब असतो. ही खूण सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी. शताब्दीचे समारंभ होतात, हारतुरे होतात, व्याख्याने होतात; चित्रपट मात्र डब्यातच राहू शकतो.

दुसरी खूण हक्काची. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. ‘संत तुकाराम’ १९३६ चा. त्याच्यावरचा हक्क केव्हाच संपला. तेव्हा असे जुने चित्रपट कोणीही काढू शकतो आणि म्हणून ते निघतील, असे संग्राहक मानतो. पण येथे एक मेख आहे. ज्याच्यावर कोणाचाच हक्क नाही, त्याच्यासाठी पैसा खर्च करावयास कोण पुढे येणार? मग प्रतीची प्रत आणि त्या प्रतीचीही प्रत काढून कोणी तरी तबकडी विकतो. पडद्यावर पाऊस पडत असल्यासारख्या रेघा, आवाजात खरखर, मधली एखादी ओळ गायब. कायद्याने चित्रपट मोकळा होतो. तो स्वच्छ होत नाही.

तिसरी खूण खरी भरवशाची. एखाद्या मोठ्या चित्रपट महोत्सवात जुन्या चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत दाखविली गेली, की तबकडी निघण्याची आशा धरावयास हरकत नसते. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ व तिच्या पुढील दोन चित्रपटांची कथा या लोकांना तोंडपाठ असते. लंडनच्या एका प्रयोगशाळेत ठेवलेल्या त्यांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ च्या आगीत होरपळल्या. अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या ॲकॅडमीने ते जळके अवशेष टाकून न देता तसेच जपून ठेवले. पुढे इटलीतील बोलोन्याच्या कारागिरांनी आखडलेल्या, ठिसूळ झालेल्या त्या फितींना पुन्हा लवचीकपणा आणला, फाटके काठ हाताने सांधले आणि जो भाग गेलाच होता, तो अन्य देशांतील प्रतींतून घेतला. २०१५ साली हे तिन्ही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्रायटेरियन संस्थेने त्यांच्या तबकड्या काढल्या. आपल्या देशातही ‘मंथन’ हा १९७६ चा चित्रपट असाच दुरुस्त होऊन २०२४ साली कान महोत्सवात दाखविला गेला. गुजरातेतील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो मूळ चित्रपट उभा केला होता. असे काही कानी आले, की सीमाभागातील संग्राहकाच्या मनात पहिला प्रश्न येतो : मग आमच्या ‘कुंकू’चे काय? ‘माणूस’चे काय? राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा देशातील पहिला चित्रपट ‘श्यामची आई’, त्याचे काय?

तबकडी निघाली तरी ती सांबऱ्याच्या घरात चालेलच, असे नाही. कंपन्यांनी जगाची विभागणी केलेली आहे. डीव्हीडीच्या वाटणीत भारत पाचव्या विभागात पडतो, अमेरिका पहिल्या. परगावी असलेल्या भाच्याकडून मोठ्या हौसेने मागविलेली तबकडी घरच्या यंत्रात घालावी आणि यंत्राने ती ओळखूच नये, हा अनुभव या छंदातील अनेकांच्या वाट्याला येतो. शिवाय तबकड्यांचा व्यापारच आता ओसरला आहे. चित्रपट इंटरनेटवरून घरी येतात आणि ठेवणाऱ्याने काढून घेतले, की त्याच वाटेने निघूनही जातात. कपाटातील तबकडी तशी कोणाच्या इच्छेने नाहीशी होत नाही. एवढ्यासाठीच संग्राहक तिला धरून बसला आहे, आणि त्याला वेडा म्हणण्याचे कारण नाही.

परंतु या साऱ्या तर्कवितर्कांत एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरलेली असते. ती अशी, की चित्रपट कोठे तरी आहे; केवळ बाजारात यावयाचा बाकी आहे. खरा धोका येथे आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेला ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट; त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळात देशात सुमारे तेराशे चित्रपट निघाले. त्यांपैकी तीसही उरले नाहीत, आणि जे उरले, त्यांतील कित्येकांचे केवळ तुकडे आहेत. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांताराम शेतकरी झाले होते, तो आज कोणालाही पाहता येत नाही. या चित्रपटांची तबकडी निघणार नाही. तिच्याविषयी तर्क करण्यालाही जागा उरलेली नाही.

हे कसे घडले? काही आगीत गेले. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट ज्या नायट्रेट फितीवर छापले जात, ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. २००३ साली पुण्यात नायट्रेट फितींच्या साठ्यास लागलेल्या आगीतही पुष्कळ जुना ठेवा गेला. काही चित्रपट त्यांतील चांदीसाठी गेले. फितीवरील थरात चांदी असते, ती काढून घेण्यासाठी चालून जुनी झालेली रिळे किलोच्या भावाने विकली गेली. आणि उरलेले निव्वळ दुर्लक्षाने गेले. नायट्रेटच्या जागी आलेली ॲसिटेटची फीत पेटत नाही, पण उष्ण व दमट हवेत ती आतून कुजते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, की समजावे, विनाश सुरू झाला.

याच्या उलट, जे वाचले, ते कसे वाचले, हे पाहण्यासारखे आहे. दादासाहेब फाळक्यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक परदेशी चित्रपट पाहून झाली. त्या प्रेरणेतून १९१३ साली जन्मलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे आज पाहावयास मिळतात, ती पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळविली. हा भाग १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीचा असावा, असेही काही अभ्यासक म्हणतात. पण तो आहे, म्हणून तर वाद घालता येतो. नायरांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, ते स्थापन झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९६५ साली पाऊल टाकले आणि पुढे आयुष्यभर माळे, गोदामे व भंगाराची दुकाने धुंडाळून हजारो चित्रपट गोळा केले.

जगभर हेच दिसते. संत जोन हिच्या हौतात्म्यावर कार्ल ड्रायर यांनी १९२८ साली काढलेल्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह जळाली आणि पन्नास वर्षे तो अपूर्ण, तुकड्यातुकड्यांच्या रूपात दाखविला गेला. १९८१ साली त्याची मूळ रूपातील प्रत सापडली ती नॉर्वेतील ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ च्या चित्रपटाचा सुमारे पंचवीस मिनिटांचा हरवलेला भाग २००८ साली अर्जेंटिनातील एका संग्रहालयात मिळाला आणि दोन वर्षांत तो तबकडीवर लोकांच्या घरी पोचला. आपल्याकडील १९१९ च्या ‘बिल्वमंगल’चा उरलेला अंशही पॅरिसहून २०१६ साली परत मिळाला. यांपैकी एकाही बाबतीत कोणा तर्कपटू संग्राहकाचा अंदाज उपयोगी पडला नाही. कोणी तरी एक डबा फेकून दिला नव्हता, एवढेच उपयोगी पडले.

येथे संग्राहकाच्या स्वभावाची परीक्षा होते. दुर्मिळ वस्तू हाती आली, की ती आपल्यापुरती ठेवण्याचा मोह त्याला होतो. दुसऱ्याने ती पाहिली तर तिचे मोल उतरेल, असे त्यास वाटते. बायबलमध्ये एका चाकराची कथा आहे. धन्याने विश्वासाने दिलेले द्रव्य त्याने हरवले नाही, उधळले नाही; भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवले आणि जसेच्या तसे परत केले. तरीही धनी त्याच्यावर रागावला. जपणूक म्हणजे पुरून ठेवणे नव्हे, हे त्या चाकराला कळले नव्हते. आणि चित्रपटाच्या फितीचे तर त्याहून बिकट आहे. पुरलेले नाणे निदान नाणे राहते. कपाटात कोंडलेली फीत काही वर्षांनी फीतही राहत नाही.

तेव्हा बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या बाजूला ज्यांच्या घरी पूर्वी तंबूचा सिनेमा होता, ज्यांच्या वडिलांनी चित्रपटगृहात यंत्र चालविले, अथवा ज्यांच्या घरी छोटी सोळा मिलिमीटरची रिळे पडून आहेत, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी थोडे थांबावे. फार जुने, चिकट झालेले वा तपकिरी भुकटी सुटलेले रीळ यंत्रावर चढवू नये आणि दिव्याजवळ नेऊ नये. आंबूस वासाचे रीळ इतरांपासून वेगळे ठेवावे. डब्यावरची चिठ्ठी फाडू नये. पुष्कळदा चित्रपटाची ओळख तेवढीच उरलेली असते. गाण्यांच्या पुस्तिका, भित्तिपत्रके, छायाचित्रे हीही सांभाळावीत, कारण नष्ट झालेल्या चित्रपटाचा तोच एक पुरावा असतो. आणि मग पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवावे. ते आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे आणि जुन्या चित्रपटांची दुरुस्ती हे त्याने हाती घेतलेले काम आहे.

पुढली तबकडी कोणती निघेल, याचा तर्क करण्यात गैर काहीच नाही. आशा धरल्याखेरीज कोणताही छंद टिकत नाही. फक्त त्या आशेचे एक टोक मुंबई-न्यूयॉर्कच्या कचेऱ्यांकडे असेल, तर दुसरे आपल्या घरच्या माळ्याकडे असावे. मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी घराची कौले परतावयास माणूस वर चढतोच. त्या वेळी कोपऱ्यातला गंजलेला पत्र्याचा डबा खाली उतरवावा आणि त्याच्यावरचे नाव वाचून पाहावे.