तिकिटावरची चूक: छापखान्याची की पेटीतली?

आज आपण जुन्या टपाल तिकिटांबद्दल बोलू. बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कुठून आला, असं वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. मुंबईच्या गिरणीतून, पलटणीतून आलेली पत्रं तिच्यात असतात. आणि हल्ली मोबाइलवर सांगतात, की छपाईत चुकलेल्या तिकिटाला लाखो रुपये मिळतात.

मागे एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. आजेसासऱ्यांच्या पाकिटावरच्या तिकिटाचा एक कोपरा पांढरा होता. फोनवरच्या माणसानं नुसता फोटो बघून सांगितलं, 'ही छपाईची चूक आहे, दीड लाख मिळतील. आधी साडेतीन हजार नोंदणी फी पाठवा.' बायकांनी पैसे द्यायच्या आधी तिकीट भिंगाखाली धरलं. कोपऱ्यातला कागद खरबरीत झाला होता, तंतू वर आले होते. कसर लागली होती, दुसरं काही नाही. साडेतीन हजार गटातच राहिले.

छापखान्यात खरोखर चुका होतात, हे मात्र खरं. कंपनी सरकारनं 1854 साली सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं काढली. ती कलकत्त्यात छापली गेली. त्यातलं चार आण्याचं तिकीट लाल आणि निळं, दोन रंगांत होतं. लाल चौकट एकदा आणि राणीचं निळं डोकं एकदा, असा कागद दोनदा दाबाखाली जायचा. काही कागद उलटे लागले आणि राणी डोक्यावर उभी राहिली. अशी थोडीच तिकिटं जगात उरली आहेत, म्हणून त्यांना मोल आहे. ही चूक तिकीट छापखान्याच्या बाहेर पडण्याआधीच झालेली होती. पोस्टात, पेटीत, उन्हात किंवा पाण्यात जे झालं ती खराबी. खराबीनं किंमत वाढत नाही, उलट उतरते.

आता ओळखायचं कसं? भिंग घ्या आणि दिवसाच्या उजेडात बसा.

पहिलं, पांढरा डाग. शाई तिथे पोचलीच नसेल, तर कागद आजूबाजूसारखाच गुळगुळीत दिसतो. शाई घासून गेली असेल, तर कागदाचे तंतू उठलेले दिसतात. मग शिक्का बघा. पोस्टाच्या शिक्क्याची काळी रेघ डागावरून सलग गेली असेल, तर डाग शिक्क्याच्या आधीचा. डागापाशी शिक्काही तुटला असेल, तर तो नंतर खरवडला गेला.

दुसरं, घडी. साडी छापताना कापडाला चुणी पडली, तर ती ओढून सरळ केल्यावर मधे कोरा पट्टा निघतो. तिकिटाचंही तसंच. घडी छपाईच्या आधीची असेल, तर ती उलगडल्यावर नेमका कोरा पट्टा दिसतो. छपाईनंतर पडलेल्या घडीवर शाई असते, पण ती तडकलेली असते.

तिसरं, रंग. इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. उन्हानं रंग उडतो, पाण्यानं पसरतो. नारिंगी तिकीट हवेतल्या गंधकानं तपकिरी, काळपटसुद्धा पडतं. काही लोक मुद्दाम औषध लावून एखादा रंग घालवतात. म्हणून रंग नाही म्हणजे चूक, असं धरू नका. चित्राच्या अगदी बारीक कोपऱ्यातही त्या रंगाचा ठिपका राहिला असेल, तर तो रंग आधी होता आणि नंतर गेला. रंग केसभर सरकलेला असेल, तर ती छपाईचीच चूक असते, पण इतकी सर्रास असते की तिला फारसं मोल नाही.

चौथं, कडेचे दात. दात नसलेलं एकटं तिकीट आलं, तर कुणी कात्रीनं कापलं असेल अशी शंका आधी घ्या. दोन तिकिटं जोडून असतील आणि त्यांच्या मधे भोकं नसतील, तर तो जास्त भरवशाचा पुरावा. आणि 1854 च्या त्या तिकिटांना दात नव्हतेच, ती कात्रीनंच कापायची असत. त्यामुळे तिथे दात नसणं ही चूकच नाही.

पाचवं, जोडीदार शोधा. त्याच जातीचं दुसरं तिकीट शेजारी ठेवा. छपाईच्या पाटीवरच ओरखडा असेल, तर तोच ओरखडा त्याच जागी दुसऱ्या तिकिटांवरही सापडू शकतो. उंदरानं कुरतडलेलं दुसऱ्यावर सापडणार नाही.

सापडलंच काही वेगळं, तर तिकीट पाकिटावरून काढू नका. पाण्यात भिजवू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, इस्त्री फिरवू नका. पाकीट, पत्ता आणि शिक्का यांच्यासकट कोरड्या जागी ठेवा. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावी तिकिटं जमवणारी जाणती माणसं असतात. एकाला नाही, दोघा-तिघांना दाखवा, आणि विकायची घाई करू नका.

एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात 1926 पासून तिकिटं छापली जातात, आणि रोजच्या वापरातली तिकिटं अमाप निघाली. त्यामुळे पेटीतलं बहुतेक तिकीट साधंच निघणार. खरा खरीददार आधी फी मागत नाही. जुनी नाणी आणि नोटा यांच्या नावानं अशी फी उकळतात, म्हणून रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये लोकांना सावध केलं होतं. तिकिटांच्या बाबतीतही चाल तीच. कुणी पैसे पाठवले असतील, तर लाजू नका, लगेच 1930 या नंबरवर कळवा.

आणि तिकीट साधं निघालं तरी पत्र फेकू नका. त्यात घरातल्या माणसाचं अक्षर आहे. पुढच्या बैठकीला एक भिंग घेऊन या आणि एकमेकींची पाकिटं बघा.