दंतवैद्याची खुर्ची आणि मद्याचा पेला

दाढ दुखूं लागली कीं माणसाचें सारें लक्ष त्या एका दाढेपाशीं येऊन बसतें. एरवीं वैद्याची पायरी न चढणारा धडधाकट गृहस्थही दोन रात्री तळमळून काढल्यावर मुकाट्यानें दंतवैद्याच्या खुर्चींत जाऊन बसतो. ज्याचा रक्तदाब कधीं कोणीं मोजला नाहीं, असा मनुष्य वैद्यकाच्या हातीं प्रथम लागतो तो पुष्कळदां तेथेंच. म्हणून, मद्यपान कमी करण्याविषयीं दोन शब्द बोलावयाचे तर ते तेथें कां बोलले जाऊं नयेत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वैद्य नव्हें. मुलांना गणित व भाषा शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु हा विषय वैद्यकाचा आहे तितकाच हिशेबाचा आणि बोलण्याच्या रीतीचाही आहे.

प्रथम मद्याचा दांतांशीं संबंध काय, तें पाहूं. मद्यानें तोंड कोरडें पडतें. लाळ ही दांतांची राखणदार. ती आटली कीं कीड बळावते. वाइन आणि मद्यांत मिसळावयाचीं गोड पेयें आम्लधर्मी असतात. त्यांनीं दांतांवरील कठीण कवच झिजतें. यकृत बिघडलेलें असल्यास रक्त गोठण्यास विलंब लागतो, आणि दाढ काढल्यावर रक्त थांबतां थांबत नाहीं. दांतांच्या विकारांत नेहमीं दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोल या औषधाबरोबर मद्य घेऊं नये, असें रोग्यास बजावलें जातें. तेव्हां दंतवैद्यानें "आपण मद्य घेतां काय?" असें विचारणें हा चोंबडेपणा नसून त्याच्या कामाचाच भाग आहे.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८८ सालीं मद्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. मद्याचें शरीरांत, आणि तोंडांतील सूक्ष्म जंतूंच्या योगें तोंडांतही, ॲसिटाल्डिहाइड नामक द्रव्य बनतें, व तें पेशींस इजा करतें. त्यांत तंबाखूची जोड मिळाली तर दोन धोक्यांची नुसती बेरीज होत नाहीं, गुणाकार होतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें भारतीय पुरुषांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग ओठ व तोंड यांचाच होता. जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आंतून उठलेला पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवडे होऊनही न भरणारी जखम, हीं चिन्हें दंतवैद्याच्या दिव्याखालीं प्रथम दिसतात. लौकर सापडलें तर पुष्कळदां लहानशा शस्त्रक्रियेनें निभावतें. उशीर झाला तर जीभ, जबडा, वाचा, आणि प्राणही पणास लागतो.

आतां थोडा हिशेब. आपल्याकडील व्हिस्कीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के हें प्रमाण छापलेलें असतें. म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगांत सुमारें १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क झाला. "बीअर ती काय, पाणीच!" असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु ८ टक्क्यांच्या कडक बीअरच्या ६५० मिलिलिटर बाटलींत सुमारें ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे एका बाटलींत चार लहान पेग! ब्रिटनमध्यें २०१६ सालीं स्त्रीपुरुष दोघांसही आठवड्यास १४ युनिटांहून अधिक न घेण्याचा सल्ला देण्यांत आला. एक युनिट ८ ग्रॅमचें, तेव्हां ती मर्यादा ११२ ग्रॅमांची. आठवड्यांतून तीन संध्याकाळीं अशी एकेक बाटली घेणारा सभ्य गृहस्थ १२३ ग्रॅमांवर जातो, आणि तरीही स्वतःस मद्यपी समजत नाहीं. शिवाय ही मर्यादा म्हणजे अभयपत्र नव्हे. मद्याचें कोणतेंही प्रमाण निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्टच सांगितलें आहे.

मग विचारावें कसें? त्याच संघटनेनें १९८९ सालीं दहा प्रश्नांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यांतील पहिले तीन प्रश्न घाईच्या वेळीं पुरतात: किती वेळां घेतां? घेतां त्या दिवशीं किती घेतां? एका बैठकींत सहा किंवा अधिक मापें होण्याचा प्रसंग किती वेळां येतो? प्रत्येक उत्तरास ० ते ४ गुण, एकूण १२. ब्रिटनमध्यें ५ किंवा अधिक गुण पडले तर अधिक चौकशी करतात. परंतु प्रश्नाहून प्रश्नाचा सूर महत्त्वाचा. समजा, असा संवाद झाला:

"काका, तंबाखू आणि मद्य यांविषयीं मी सर्वांनाच विचारतें. आपण घेतां का?"

"कधीं तरी घेतों, डॉक्टरीणबाई."

"कधीं तरी म्हणजे आठवड्यांतून किती दिवस?"

"तीन... चार धरा."

येथें "अहो, या वयांत हें शोभतें का?" असें म्हटलें कीं संवाद संपला, काका पुढच्या खेपेस खोटें तरी सांगतील, नाहीं तर येणारच नाहींत. त्याऐवजीं बाई म्हणाल्या, "गालांतला हा चट्टा आरशांत पाहा. तो तपासावा लागेल. मद्यानें याचा धोका वाढतो. चारांतले किती दिवस कमी करणें आपणांस जमेल?"

"दोन जमतील."

"ठीक. लिहून ठेवतें. पंधरा दिवसांनीं याल तेव्हां विचारीन."

पांच मिनिटांचें हें बोलणें. यांत आंकडा रोग्यानें स्वतः ठरविला आहे, आणि स्वतः कबूल केलेला आंकडा मनुष्य सहसा विसरत नाहीं. वर्गांतील मुलांचाही अनुभव असाच आहे.

बोलण्यानें दारू कमी होते काय, अशी शंका येईल. गोव्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत २०१७ सालीं 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत आला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेले सामान्य लोक होते. तीन महिन्यांनीं, समुपदेशन मिळालेल्यांपैकीं शेंकडा ४२ जण मद्यापासून दूर होते. तें न मिळालेल्यांत शेंकडा १८. हा प्रयोग दांतांच्या दवाखान्यांतील नव्हे, आणि तेथें एकाहून अधिक बैठकी होत. तरी नीट बोलल्यानें काय साधतें, तें त्यावरून कळतें.

मात्र एक सावधगिरी हवी. सकाळीं घोट घेतल्यावांचून ज्याचे हात कांपतात, घाम फुटतो, त्यानें एकाएकीं मद्य तोडूं नये. झटके येऊन जिवावर बेतूं शकतें. त्याला दंतवैद्यानें तज्ज्ञ डॉक्टरांकडेच धाडावें. पुण्यास १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र चालूं आहे, आणि २०२२ सालीं सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला मिळतो.

शेवटीं घरच्या मंडळींस एक विनंति. दवाखान्यांत नवऱ्याच्या देखत "हे रोज घेतात हो!" असें सांगून त्यास खालीं पाहावयास लावूं नये, त्यानें तो गप्प बसेल. घरून निघतांनाच "विचारलें तर खरें सांगा, औषधाच्या दृष्टीनें तें बरें" इतकें म्हणावें. आणि रोग्यानेंही ध्यानांत ठेवावें: ताकाला जाऊन भांडें लपविण्यांत नुकसान आपलेंच आहे. दंतवैद्यानें विचारलें तर खरा आंकडा सांगावा; त्यानें विचारलें नाहीं, तर आपण होऊन सांगावा.