क्षमेची अट
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



मी ख्रिस्ती नाही. वारकऱ्यांच्या घरात वाढले, हरिपाठ म्हणत मोठी झाले आणि पुढेही त्याच वाटेने जाणार आहे. तरीही ख्रिस्ती धर्माविषयी बोलायला आज मी मनापासून आले आहे, कारण या धर्माने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला आहे आणि तो काही केल्या बाजूला सारता येत नाही. ज्याने आपले सर्वस्व हिरावून घेतले, त्याला क्षमा करता येते का?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात पाच, सहा आणि सात या अध्यायांत येशूचे डोंगरावरील प्रवचन आहे. गांधीजींनी लंडनला कायद्याचा अभ्यास करताना ते वाचले आणि ते थेट काळजाला भिडले, अशी नोंद त्यांच्या आत्मचरित्रात आहे. शत्रूवर प्रेम करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असे येशू तिथे सांगतो. मराठी माणसाला ही शिकवण परकी वाटण्याचे कारण नाही. अंगावर थुंकणाऱ्यावर जराही न रागावता पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करून येणारे एकनाथ महाराज आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण नाथांची गोष्ट ऐकून आपण म्हणतो, ते संतच होते. हात जोडतो आणि आपापल्या भाऊबंदकीकडे परततो.

येशूने ही पळवाट बंद करून टाकली. त्याने शिकवलेली प्रार्थना आजही ख्रिस्ती घरांतून म्हटली जाते. तिच्यात रोजची भाकरी मागून झाली की लगेच क्षमेची मागणी येते, आणि त्या मागणीला अट जोडलेली आहे. मी इतरांना जशी क्षमा केली असेल तशीच माझ्या वाट्याला यावी, असे भक्त आपल्याच तोंडाने देवाला सांगतो. शेतकरी असो की कारकून, म्हातारा असो की शाळकरी पोर, अट सर्वांना एकच. ही प्रार्थना अर्थ जाणून म्हणायची तर फार धैर्य लागते असे मला वाटते.

अशी अट पाळणारी एक बाई आपल्या देशात राहत होती. ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियातून आलेले गृहस्थ १९६५ पासून ओडिशात काम करत. मयूरभंज जिल्ह्यातल्या बारीपदा इथे ते कुष्ठरोग्यांचा आश्रम सांभाळत. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री, शेजारच्या केओंझर जिल्ह्यात मनोहरपूर गावी, ते आपल्या दोन मुलांना घेऊन गाडीत झोपले होते. फिलिप दहा वर्षांचा, टिमोथी सहा वर्षांचा. हे लोक धर्मांतरे घडवतात असे म्हणत आलेल्या जमावाने ती गाडी पेटवून दिली. तिघेही जळून गेले.

ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांनी आणि त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने मिळून एक भक्तिगीत गायले. नंतर त्या मायदेशी निघून जातील असे कुणालाही वाटले असते. त्या गेल्या नाहीत. २००४ पर्यंत त्याच कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करत राहिल्या. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. क्षमा केली म्हणून खटला मागे घ्या, असा आग्रह मात्र त्यांनी धरला नाही. शासन आणि न्यायालय यांनी आपले काम करावे. मनातला द्वेष काढून टाकणे हे आपले काम, एवढाच त्यांच्या वागण्याचा अर्थ होता. क्षमा म्हणजे अन्यायावर पांघरूण, हा आपल्याकडे पसरलेला समज त्या एकट्या बाईने खोडून काढला.

मी आई आहे. त्या जागी मी असते तर मला हे जमले नसते. कुणी म्हणेल, त्यांचा स्वभावच तसा असेल. पण त्या स्वतः हे बळ आपल्या येशूचे आहे असे सांगत, आणि त्यांच्या सांगण्यावर अविश्वास दाखवण्याचा मला अधिकार नाही.

या धर्मातली आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. क्रुसावर असताना, देवा, तू मला का सोडलेस, अशा अर्थाचा आक्रोश येशूने केला. त्याच्या अनुयायांनी तो लपवला नाही, शुभवर्तमानात तसाच ठेवला. मदर तेरेसांची पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा कळले की कित्येक वर्षे त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती. तरी काम एक दिवस थांबले नाही. विठ्ठलाशी कडाकडा भांडणारे नामदेव आणि तुकोबा ज्यांच्या घरचे आहेत, त्यांना ही व्याकुळता सहज ओळखू येईल.

आता मी कुठे थांबते तेही सांगते. येशूवाचून तारण नाही, हे मला मान्य होत नाही. माझ्या आजीने सारे आयुष्य पंढरीनाथाच्या नावाने काढले. ती देवापासून दूर राहिली असे मी मानूच शकत नाही. आणि क्षमा शिकवणारा हा धर्म राजसत्तेच्या हाती गेला तेव्हा काय झाले, हे आपल्या शेजारच्या गोव्याने सोसले आहे. तिथले इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, १५६० साली सुरू झाले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. ते विसरून येशूचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

धर्मांतराचा वाद निघाला की मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण टाकली नाही. न पटलेल्या सिद्धांतांवर त्या तिथल्या धर्मभगिनींशी निर्भयपणे वाद घालत राहिल्या. पुढे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात असा गदारोळ उठला आणि १८९३ साली सुधारक रानडे व भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांना धर्माच्या बाबतीत तटस्थतेचा शब्द दिलेला होता, तेव्हा त्यांची चिंता मी खोटी म्हणणार नाही. पण विधवांचे केस उतरवून त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवणाऱ्या समाजाने रमाबाईंना जाब विचारावा, हे मला सहन होत नाही. दुष्काळात टाकून दिलेल्या शेकडो मुलींना त्यांनीच केडगावला आणून पोटाशी धरले. माझे मत स्पष्ट आहे. सेवेच्या बदल्यात कुणी श्रद्धा मागू नये, आणि कुणी स्वखुशीने श्रद्धा बदलली तर त्या व्यक्तीवर कुणी हात उगारू नये.

श्रोतेहो, मत्तयाचे ते तीन अध्याय मराठीत सहज मिळतात आणि तासाभरात वाचून होतात. ते वाचा. मग आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाऊन, काय पटले आणि काय पटले नाही, ते त्याला मोकळेपणाने सांगा, आणि त्याचेही ऐकून घ्या.