सुभेदाराचें पेन्शन आणि मुलाचें पुस्तक

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांतील कोणी ना कोणी पलटणींत आहे किंवा होता. भिंतीवर त्याची तसबीर असते, पेटींत बिल्ले असतात. त्या बिल्ल्यांचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु आज आम्ही त्यांविषयीं बोलणार नाहीं. कुणब्याचा, सुताराचा, चांभाराचा मुलगा साधा शिपाई म्हणून भरती झाला व चढत चढत सुभेदार झाला, तर तो घरीं काय घेऊन येतो आणि त्यांतलें टिकतें काय, एवढाच प्रश्न आम्ही आपणांपुढें मांडणार आहों.

प्रथम ही शिडी कशी असते तें पाहूं. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि सर्वांच्या वर सुभेदार-मेजर, अशा या पायऱ्या. जमादाराला १९६५ पासून नायब सुभेदार म्हणतात. हवालदार शिपायांकडून कवाईत करून घेतो, पहारे लावतो. सुभेदार-मेजर म्हणजे पलटणींतील जवानांचा वडीलधारा. कोणाची रजा अडली, कोणाच्या घरीं जमिनीचा तंटा आहे, हें तो जाणतो व मोठ्या साहेबाच्या कानावर घालतो. तेथवर पोंचावयास उमेदीचीं सगळीं वर्षें जातात.

इंग्रजी अमलांत तर या शिडीला वरून झांकण होतें. मिशा पिकलेला सुभेदार कालच विलायतेहून आलेल्या कोवळ्या गोऱ्या अंमलदाराच्या हाताखालींच राही. बादशाही कमिशनचें दार हिंदी माणसाला १९१७-१८ च्या सुमारास थोडेंसें किलकिलें झालें. मग अशा शिडीवर चढून आपल्या लोकांनीं मिळवलें काय? याचें उत्तर एका सुभेदाराच्या चरित्रांत आहे.

ते सुभेदार म्हणजे रामजी मालोजी सकपाळ. घराणें मंडणगडकडच्या आंबडवे गांवचें. वडील मालोजीही पलटणींतच होते. गांवांत महाराच्या मुलाला शाळेची पायरी चढणें कठीण. परंतु त्या काळच्या पलटणींत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकवण्याची सक्ती होती. मुलांची शाळा दिवसा, मोठ्यांची रात्रीं. रामजींनीं पुण्यास नॉर्मल स्कुलांत शिक्षकाचा अभ्यास केला आणि लष्करी शाळेंत चौदा वर्षें हेडमास्तरकी केली. ज्या हातानें बंदूक धरली त्याच हातानें खडू धरला. महूच्या छावणींत १४ एप्रिल १८९१ रोजीं त्यांना चौदावें अपत्य झालें. तेच आपले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर.

पुढच्याच सालीं, म्हणजे १८९२ मध्यें, सरकारनें महारांची भरती बंद केली. ज्यांच्या वाडवडिलांनीं मुंबईच्या सैन्यांत पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडलें, ते लढवय्ये नव्हत असें ठरलें! त्याविरुद्ध अर्ज करण्यांत सुभेदारांनीं खटपट केली. परंतु दार उघडलें नाहीं. पहिल्या महायुद्धांत माणसें हवीं झालीं तेव्हां उघडलें, गरज सरतांच पुन्हां लागलें. १ ऑक्टोबर १९४१ रोजीं महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हां कोठें तें कायमचें उघडें झालें.

येथें थोडें थांबून विचार करा. भरती एका हुकुमानें सुरू होते, दुसऱ्या हुकुमानें बंद पडते. परंतु रामजींच्या डोक्यांत शिरलेलें अक्षर कोणत्या हुकुमानें बाहेर काढतां आलें असतें?

पेन्शन घेऊन सुभेदार दापोलीस गेले, मग साताऱ्यास, अखेर मुंबईस परळच्या चाळींत आले. खोली एक, माणसें पुष्कळ. मुलाला लवकर निजवावें व रात्रीं दोन वाजतां उठवून अभ्यासाला बसवावें, असा त्यांचा शिरस्ता. मुलाला पुस्तक हवें असे आणि हातांत पैसा नसे, तेव्हां ते लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन हातीं येतांच दागिना सोडवून परत देत. ही आठवण खुद्द बाबासाहेबांनींच सांगितली आहे. मुलगा १९०७ सालीं मॅट्रिक झाला. सुभेदार २ फेब्रुवारी १९१३ रोजीं वारले. त्याच वर्षीं सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर मुलगा अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठांत गेला.

हे सुभेदार एकटेच नव्हत. महाडकडचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ सालीं पलटणींतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. पेन्शन खात ओट्यावर बसले नाहींत. 'दीनबंधू'त लिहूं लागले, आणि १८८८ सालीं 'विटाळ विध्वंसक' काढून त्यांनीं शिवाशीव मानणाऱ्यांना जाब विचारला.

आतां आपल्या मुलांकडे वळूं. २०२२ पासून शिपाई हा 'अग्निवीर' म्हणून चार वर्षांसाठीं घेतला जातो. योजनेप्रमाणें त्यांतले शेंकडा पंचवीसपर्यंत पुढें ठेवावयाचे. बाकीचे सुमारें ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरीं येणार. त्यांना पेन्शन नाहीं. म्हणजे हवालदार-सुभेदाराची शिडी चौघांत एकाला. रामजींपाशीं गहाण सोडवायला पेन्शन तरी होतें. तुमच्या मुलापाशीं तें बहुधा नसेल.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. मुलगा नुसता धांवण्यांत तयार करूं नका. पुस्तकांतही तयार करा. दहावीवर गेलेल्या अग्निवीराला मुक्त विद्यालयाकडून बारावी होण्याची सोय सरकारनें जाहीर केली आहे. ती त्यानें नोकरींत असतांनाच साधावी. मोटार चालवणें, यंत्र दुरुस्त करणें, जें शिकेल त्याचा दाखला हातीं घेऊनच बाहेर पडावें. आणि ती रक्कम घरीं आली कीं मांडवांत, वाजंत्र्यांत, गाडीच्या हप्त्यांत उडवूं नका. तिच्यांतून पहिल्यानें त्याच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च बाजूला काढा, आणि त्याच्या बहिणीच्याही शिक्षणाचा काढा. सुभेदारांचा मुलगा लेकींच्या दागिन्यांवर शिकला, हें विसरूं नका. तें ऋण आपल्या मुलींना शिकवूनच फिटेल.