काळजीची चिंता होते तेव्हा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एरवी या सभागृहात आपण जमतो ते गणपतीत, हळदीकुंकवाला आणि वार्षिक सर्वसाधारण सभेला. पाण्याची टाकी, पार्किंग आणि गळती हे तीन विषय सोडून इथे बोलायची संधी मिळणारी मी बहुधा पहिलीच असेन. समितीने मला ‘ताणतणावावर काहीतरी हलकंफुलकं बोला’ असं सांगितलं होतं. मी विषय थोडा बदलून मागितला. त्याचं कारण सांगते.

मी मानसशास्त्रज्ञ आहे हे आपल्या तिन्ही विंगमध्ये माहीत आहे. त्यामुळे कधी लिफ्टमध्ये, कधी भाजीच्या गाडीपाशी कुणीतरी हळूच विचारतं, “अहो, माझ्या एका मैत्रिणीला रात्र रात्र झोप लागत नाही. छातीत धडधडतं. काय करावं तिने?” ती मैत्रीण बऱ्याचदा समोरच उभी असते. मला ते कळतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळतं. गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी आपण जिन्यात मोठ्या आवाजात करतो. मनाच्या दुखण्यासाठी मात्र मैत्रीण पुढे करावी लागते. त्यात आपण ठाणेकर! ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद अख्ख्या महाराष्ट्राने केलेला, आणि आपण इथेच राहतो. म्हणून आज सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलू या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. काळजी वाटणं हा आजार नाही. मुलगा रात्री अकरापर्यंत आला नाही तर आई खिडकीत उभी राहणारच. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येणारच. थोडी काळजी कामाचीही असते. तिच्यामुळे आपण विम्याचा हप्ता वेळेवर भरतो आणि गॅस बंद करून बाहेर पडतो. मुलगा घरी आला, परीक्षा संपली, की ती जाते.

चिंताविकारात ती जात नाही. एक कारण संपलं की दुसरं शोधते. मुलगा सुखरूप आला, आता सूनबाईंच्या रिपोर्टचं काय? रिपोर्ट चांगला आला, आता लोनचं काय? असं अनेक महिने, बहुतेक दिवस चालतं. झोप उडते, मान-खांदे आखडतात, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. साधारण सहा महिने असं चाललं आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. चिंतेचे इतर प्रकारही आहेत. कुणाला चारचौघांत बोलायची भीती, कुणाला बंद जागेची, कुणाला अचानक येणारा पॅनिक अटॅक.

शरीरात नेमकं काय होतं? आपल्या मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा आहे. समोर साप दिसला की विचार करायच्या आत ती वाजते. अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात धडधडतं, श्वास वाढतो, हातापायांच्या स्नायूंना रक्त जास्त मिळतं. पळायची किंवा लढायची ही तयारी. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच तिचं वर्णन करून ठेवलं आहे. गंमत अशी की, ही घंटा साप आणि दोरी यांत फरक करत बसत नाही. आपल्या बिल्डिंगचा फायर अलार्म आठवा. कुणाच्या घरी फोडणी जळली तरी तो वाजतो! अलार्म खोटा असतो, पण आवाज खरा असतो. चिंतेचंही तसंच. ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसाची धडधड, घाम आणि कापरे हात हे सगळं खरंच होत असतं, हे लक्षात ठेवा.

इथे एक सावधगिरी. छातीत पहिल्यांदाच दुखलं, दम लागला, तर ‘चिंता असेल’ म्हणून घरी बसू नका. आधी डॉक्टरकडे जा, ईसीजी काढा. थायरॉइड वाढला, रक्त कमी झालं, चहा-कॉफी अति झाली, तरीही धडधड होते. शरीराची तपासणी व्यवस्थित झाली की मग मनाकडे वळू.

आता एक उदाहरण घेते. कुणा एकाचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचे अनुभव एकत्र करून बनवलेलं आहे, तेव्हा कुणी आजूबाजूला बघू नका. समजा, सहाव्या मजल्यावर राहणारे एक काका आहेत. वय बासष्ट. एकदा वीज गेली आणि ते लिफ्टमध्ये दहा-पंधरा मिनिटं अडकले. अंधार, उकाडा, जीव गुदमरला. वॉचमनने दार उघडून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी काका लिफ्टपाशी गेले, छातीत धडधडलं, आणि ते जिन्याने गेले. लगेच बरं वाटलं. सगळी गोम या ‘लगेच बरं वाटलं’मध्ये आहे! मेंदूने हिशेब मांडला : लिफ्ट टाळली म्हणून वाचलो. पुढच्या वेळी घंटा आणखी जोरात वाजली. मग काकांनी लोकल सोडली, कारण दोन स्टेशनांच्या मध्ये उतरता येत नाही. मग नाटक सोडलं, कारण थिएटरचं दार बंद होतं. गुडघे दुखायला लागले तसं खाली येणंही कमी झालं. घरचे म्हणायचे, “बाबांना हल्ली आवडत नाही बाहेर जायला.” आवडत होतं हो. जमत नव्हतं.

भीतीपासून पळालं की ती लहान होत नाही, उलट आपली जागा वाढवत जाते. कुणी ज्या भिंतीला हात लावत नाही, तिच्यात ओल जशी पसरत जाते, तशी. हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

मग थेरपीत काय करतात? लोकांना वाटतं, कोचावर झोपवतात, लहानपणीचं विचारतात, नाहीतर उपदेश करतात. चिंतेसाठी सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली पद्धत आहे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी. ती शाळेसारखी असते. आठवड्यातून एक भेट, साधारण पाऊण ते एक तास, बहुतेकांना दहा ते वीस भेटी. आणि गृहपाठ असतो! अॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात ती मांडली. त्याआधी, १९५५च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली होती; ती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवली. दोन्हींचा गाभा सोपा आहे. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला एक विचार असतो. तो इतक्या झटकन येतो की आपल्याला दिसतच नाही.

काकांचा तो विचार होता, ‘लिफ्ट बंद पडली तर हवा संपेल आणि मी मरेन.’ पहिल्या काही भेटींत तो कागदावर लिहायचा आणि तपासायचा. लिफ्टची केबिन हवाबंद असते का? नसते. धडधड म्हणजे हार्ट अटॅक का? ईसीजी तर व्यवस्थित आहे. त्या दिवशी नेमकं काय झालं? घाबरलो, घामाघूम झालो आणि बाहेर आलो. ‘सगळं छान होईल’ असा गोड विचार इथे शिकवत नाहीत. खरा विचार शिकवतात : ‘अडकणं त्रासाचं आहे, जीवघेणं नाही.’

पण नुसतं पटून भागत नाही. शरीरालाही पटावं लागतं. म्हणून शिडी तयार करतात. सर्वांत खालची पायरी, लिफ्टचं दार उघडं ठेवून आत उभं राहणं. मग पत्नीबरोबर एक मजला. मग एकट्याने एक मजला. मग तीन. मग सहा. मग गर्दीच्या वेळी. प्रत्येक पायरीवर भीतीला शून्य ते शंभर असे मार्क द्यायचे आणि ती उतरायला लागेपर्यंत तिथेच थांबायचं, पुन्हा पुन्हा. भीती वाढतच जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग ओसरतो. आपण त्याआधीच पळतो, म्हणून त्याचं ओसरणं कधी पाहिलेलंच नसतं. मुठीतली पाण्याची बाटली, हातातला मोबाइल, खिशातली गोळी हे आधारही हळूहळू सोडायचे.

भीती पूर्ण जाते का? अनेकांची थोडी उरते. पण ती उरली तरी काका नाटकाला जातात. थेरपीचं यश मी यावर मोजते.

औषधांबद्दल दोन शब्द. चिंतेवरची नेहमीची औषधं झोपेची गोळी नव्हेत, त्यांचं व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि मनाने ती अचानक बंद करायची नसतात. झटपट शांत करणाऱ्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. म्हणून शेजारणीला लागू पडली ती गोळी केमिस्टकडून आणून घेऊ नका. औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात; ते एमबीबीएसच्या पुढे शिकलेले डॉक्टर असतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. अनेकदा दोन्ही लागतं, त्यात कमीपणा नाही.

घरच्यांनी काय करावं? ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य तेवढं रजेवर पाठवा. टेन्शन सोडता आलं असतं तर त्याने कधीच सोडलं असतं. त्याऐवजी म्हणा, “तुला त्रास होतोय हे दिसतंय मला. मी इथे आहे.” दुसरं, सारखा दिलासाही देऊ नका. बारावीतली मुलगी दिवसातून वीस वेळा विचारते, “आई, येईल ना गं मला पेपर?” प्रत्येक वेळी ‘येईल’ म्हटलं की पाच मिनिटं शांतता, मग एकविसावा प्रश्न. प्रेमाने म्हणा, “हा प्रश्न तुझी काळजी विचारतेय. तिच्यासाठी संध्याकाळी साडेसहाची वेळ ठेवू, तेव्हा दोघी बसून बोलू.” काळजीला वेळ ठरवून दिली की ती दिवसभर दार वाजवत नाही. हा प्रयोग मोठ्यांनाही चालतो, फक्त झोपेच्या तोंडावर करू नका.

कुठे जावं, हा शेवटचा प्रश्न. शेजाऱ्यांवर मी स्वतः उपचार करत नाही. आमच्या व्यवसायाच्या शिस्तीत ते बसत नाही. पण कुणाकडे जायचं ते जरूर सांगेन, आणि ते माझ्यापाशीच राहील. आपल्याकडे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. केईएम, सायन, नायर या मुंबईतल्या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनाही सांगितलं आहे की शरीराच्या आजारांप्रमाणे मनाच्या आजारांनाही विमा द्या. आपल्या पॉलिसीत नेमकं काय बसतं ते वाचून घ्या. आणि घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारची ‘टेली मानस’ ही हेल्पलाइन आहे : १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर वाट न बघता त्याच क्षणी हा नंबर लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

पंचवीस वर्षांत आपण या इमारतीचं दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, लिफ्ट बदलली, सोलर बसवलं. दरवेळी आधी कुणीतरी सभेत उठून ‘आमच्याकडे गळतंय’ असं सांगितलं, म्हणून ते झालं. माझी समितीला एकच विनंती आहे. खाली नोटीस बोर्डावर अग्निशमन दल आणि अॅम्ब्युलन्स यांचे नंबर लावलेले आहेत. त्यांच्या शेजारी १४४१६ लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. खर्च काहीच नाही, ठराव मांडायचीही गरज नाही. कुणीतरी लिफ्टची वाट बघत उभं असेल, सहज वाचेल, आणि मैत्रिणीचं नाव पुढे न करता फोन लावेल.