सहीच्या बदल्यात प्रश्न



नामवंत पाहुणा शाळेत आला की मुले वह्या घेऊन सहीसाठी त्याच्याभोवती गर्दी करतात. डॉ. जयंत नारळीकर मात्र अशी सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवा, असे ते सांगत. मग घरी उत्तराचे पत्र येई आणि सही त्या उत्तराखाली असे. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे बालपण बनारसला गेले. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल या गुरूंसमवेत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला, हे मत बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मानले, तरी त्यांनी ते मान्य केले नाही. ते बरोबर होते असे मी म्हणत नाही. पण एकटे पडूनही ते गणिताच्याच भाषेत वाद घालीत राहिले, हे मला मोठे वाटते.

१९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने! आद्याक्षरे उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगलाताईंच्या हातचे. पहिले बक्षीस त्या अनोळखी जगतापांना मिळाले. आपल्याकडे आधी नाव पाहून मग गुण देण्याची खोड किती जुनी आहे, हे शिक्षकांना मी काय सांगावे?

१९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभी राहिली. तेथे दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली.

२००८ साली त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार व शंभर गतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या, नावे झाकली. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून कोणते मूल कोणत्या गटातले ते सांगितले. उत्तरे बरोबर आली सरासरी शेकडा ४६. विद्यार्थी मित्रहो, घरी गेल्यावर नाणे चाळीस वेळा उडवा आणि छापे मोजून पाहा.